सुतासारखं सरळ: करवत धरायला जगाने कसं शिकवलं

कानात इअरफोन असतील, लोकल किंवा एसटीत जागा मिळाली असेल किंवा नसेलही. पुढची वीस मिनिटं माझ्यासोबत राहा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती.

आजचा विषय एका म्हणण्यापासून सुरू करू. कुणाला वठणीवर आणायचं असेल तर आपल्याकडे म्हणतात, "थांब, त्याला सुतासारखा सरळ करतो." हे सूत म्हणजे सुताराची दोरी. रंगात भिजवायची, लाकडावर दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत पकडून वर उचलायची आणि सोडून द्यायची. फट्! लाकडावर एक सरळ रेघ उमटते. 'सुतार' हा शब्दसुद्धा 'सूत्रधार' या शब्दावरून आला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरणारा. नाटकातला सूत्रधार आणि आपला सुतार, दोघांचं नाव एकच.

आता गंमत बघा. या माणसाला नाव देताना भाषेने त्याच्या हातातली करवत बघितली नाही, रंधा बघितला नाही, पटाशीही नाही. तिने त्याची रेघ बघितली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारण आजचा प्रश्न असा आहे: हाताने करवत सरळ चालवायला माणसं शिकली कशी? आणि त्याहून महत्त्वाचं, शिकायची परवानगी कुणाला होती?

अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

आधी प्रश्न किती अवघड आहे ते पाहू. सुतारकामाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कुणीतरी शांतपणे करवत चालवतो, दोन फळ्या एकमेकींत सरकवतो, आणि 'टक्' असा आवाज येऊन सांधा बसतो. खिळा नाही, स्क्रू नाही. आपल्याला वाटतं, यात काय एवढं?

मग आपण करून बघतो. करवत रेघेवर ठेवतो, दोन-चार हात मारतो, आणि बघतो तर काय, वरून रेघेवर चाललेली करवत मागच्या बाजूला भलतीकडेच निघालेली. वर सरळ, खाली तिरकी.

सांध्यात हे चालत नाही. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं कुसू, असा सांधा असतो. किंवा खोक्याच्या कोपऱ्यात येतो तो डव्हटेल, कबुतराच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचा, ओढला तरी न निघणारा. दोन्हींत अर्धा मिलिमीटर जास्त कापलं की सांधा ढिला, अर्धा मिलिमीटर कमी कापलं की बसतच नाही. ठोकून बसवायला गेलात तर लाकूड तडकतं.

म्हणजे हात एका वेळी दोन रेघा सांभाळत असतो. एक फळीच्या वरच्या कडेवरची आणि एक समोरच्या अंगावरची. दोन्हींवर करवत एकाच वेळी राहिली तरच काप सरळ. डोळा दोन ठिकाणी, हात एकच.

दोष हाताचा की दातांचा?

इजिप्तमध्ये लक्सरजवळ रेखमिरे नावाच्या वजिराची थडग्याची वास्तू आहे. साधारण ३४०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतींवर कारागीर कामं करताना रंगवले आहेत, आणि त्यांत एक माणूस फळी कापतोय. फळी उभ्या खांबाला बांधलेली आहे आणि तो वरून खाली करवत ओढतोय.

फळी बांधली का? कारण ती हलली तर काप वाकडा जाणार. आणि करवत ओढून का कापायची? जुन्या इजिप्शियन करवती तांब्याच्या आणि पुढे ब्राँझच्या. मऊ धातूचं पातळ पातं ढकललं की वाकतं. ओढलं की ताणलं जातं आणि सरळ राहतं. कागदाची पट्टी टेबलावर ढकलून बघा आणि ओढून बघा, लगेच कळेल. जपानी सुतार आजही ओढूनच कापतात, म्हणून त्यांच्या करवतीचं पातं अगदी पातळ ठेवता येतं. युरोपात पोलाद वापरून जाड, ढकलून कापणारी करवत रुळली. सांध्यांसाठी जी बारीक करवत असते तिच्या पाठीवर धातूची जाड पट्टी बसवतात, तीही पातं वाकू नये म्हणूनच.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने करवतीबद्दल एक बारकावा लिहून ठेवला आहे: ओल्या लाकडाचा भुसा दातांत अडकतो, म्हणून दात आळीपाळीने एक इकडे, एक तिकडे वाकवतात. दात असे फाकवलेले असले की काप पात्यापेक्षा किंचित रुंद होतो आणि करवत मोकळी चालते.

पण यातच एक सापळा आहे. दात जास्त फाकवले तर फट फार रुंद होते आणि करवत आत डुलायला लागते. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वाकलेले असतील, तर करवत त्या बाजूला खेचली जाते, हात कितीही सरळ असला तरी. नवशिक्या बिचारा स्वतःला दोष देत राहतो. अनुभवी माणूस आधी दात बघतो.

म्हणजे 'सरळ कापणं' ही एकच कला नाही. बरोबर आखलेली रेघ, नीट धार लावलेली करवत, घट्ट धरलेलं लाकूड, उभं राहण्याची पद्धत आणि शेवटी हात, असे त्याचे तुकडे आहेत. आज हे तुकडे वेगळे दिसतात. पण हजारो वर्षं ते कुणी वेगळे करून सांगितलेच नव्हते.

सात वर्षं झाडू मारा

मग शिकायचं कसं? उस्तादाकडे राहून. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने ठरवून टाकलं होतं की धंदा करायचा तर किमान सात वर्षं उमेदवारी केलीच पाहिजे. ही अट रद्द व्हायला १८१४ साल उजाडावं लागलं. सात वर्षं! आपली इंजिनिअरिंगची डिग्री चार वर्षांची.

त्या सात वर्षांत सगळा वेळ शिकवणी नव्हती. दुकान झाडायचं, विस्तव पेटवायचा, सरस गरम करायचा, आणि जमेल तेव्हा उस्तादाचा हात बघायचा. शिकवणारा शिकवत नसे. शिकणारा चोरून बघत असे.

आपल्याकडे व्यवस्था वेगळी, पण दार तितकंच अरुंद. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, बैलगाडी, दारं-खिडक्या ही कामं त्याची, आणि मोबदला म्हणून सुगीत धान्य. हे काम जातीचं. सुताराच्या घरातलं पोर रांगत असल्यापासून भुशात खेळायचं. पाच-सहा वर्षांचं झालं की फळीचं दुसरं टोक धरायचं. पंधराव्या वर्षी त्याचा हात सरळ चालायचा, आणि गाव म्हणायचं, "रक्तातच आहे त्याच्या!"

रक्तात काय होतं? दहा वर्षांचा सराव होता. पण तो सराव कुणी मोजला नव्हता, म्हणून तो जन्माच्या खात्यावर जमा झाला. याची उलटी बाजू जास्त वाईट: जो त्या घरात जन्मला नाही, त्याच्या 'रक्तात नाही'. विषय संपला.

१६७८ च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन नावाच्या माणसाने एक धाडस केलं. तो छापखानावाला आणि नकाशे-गोल बनवणारा. त्याने लोहारकाम, सुतारकाम असे धंदे हप्त्याहप्त्याने छापायला सुरुवात केली. पुस्तकाचं नाव 'मेकॅनिक एक्सरसाइझेस'. त्यात करवत कशी धरायची, दात कसे फाकवायचे, पाठीला पट्टी का असते, सगळं आहे. पण हाच मॉक्सन आधीच सांगून टाकतो की हाताचं कसब शब्दांनी शिकवता येत नाही, ते सरावानेच मिळतं.

बरोबरच आहे त्याचं. पण सराव कशाचा? कुठल्या क्रमाने? आधी काय, मग काय? हा प्रश्न पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तसाच पडून होता.

मधे १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये एक छोटं पुस्तक आलं, 'द जॉइनर अँड कॅबिनेट मेकर'. लेखकाचं नाव नाही. त्यात थॉमस नावाचा एक काल्पनिक उमेदवार आहे आणि तो तीनच वस्तू करतो. पहिली, खिळे ठोकून केलेलं साधं खोकं. दुसरी, शाळेत न्यायची पेटी, डव्हटेलच्या सांध्यांची. तिसरी, खणांचं कपाट. सोप्याकडून अवघडाकडे. क्रम आला! पण अजून ही एका मुलाची गोष्ट होती. शंभर मुलांचं काय?

मॉस्कोची युक्ती

याचं उत्तर आलं मॉस्कोतून. तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये इंजिनिअर घडवायचे होते. त्यांना हाताने काम यायला हवं, पण सात वर्षं कुणाकडे होती? संस्थेचे संचालक व्हिक्टर देला-व्होस यांनी १८६८ मध्ये एक पद्धत सुरू केली.

त्यांनी विचारलं: सुतारकाम म्हणजे नेमक्या कुठल्या क्रिया? मोजा. वेगळ्या करा. सोपी आधी, अवघड नंतर, अशी रांग लावा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची जागा आणि स्वतःची अवजारं द्या. एक नमुना ठराविक अचूकतेने जमला की मगच पुढचा. आणि वस्तू बनवायच्या नाहीत! खुर्ची नाही, टेबल नाही. फक्त सांधे. हा सांधा, मग तो सांधा. शिकण्याची कार्यशाळा वेगळी, वस्तू बनवण्याची वेगळी. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त विद्यार्थी तयार करायचे, हा हेतू.

जिममध्ये एकेका स्नायूचा व्यायाम करतात, तसंच हे.

१८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथे रशियाने हे सांध्यांचे नमुने मांडले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि त्यांना मार्ग सापडला. त्याच वर्षी एमआयटीने या धर्तीवर हातकामाची शाळा काढली. १८८० मध्ये सेंट लुईस शहरात कॅल्व्हिन वुडवर्ड यांची मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल सुरू झाली. जे उस्तादाच्या दुकानात चोरून बघावं लागत होतं, ते आता वर्गात घंटा वाजल्यावर शिकवलं जाऊ लागलं.

ही छोटी गोष्ट नाही हां. कसबाचे तुकडे करून ते कुणालाही शिकवता येतात, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दाखवलं गेलं. 'रक्तात असावं लागतं' या समजुतीला हा मोठा धक्का होता.

नेसचा आक्षेप

पण इथे एका माणसाने हात वर केला आणि विचारलं: मुलाने शंभर सांधे कापले, चांगलं आहे. पण तो घरी काय घेऊन गेला?

हा माणूस ओटो सॉलोमन. जन्म १८४९. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहरापासून जवळ, तळ्याकाठी नेस नावाची इस्टेट आहे. सॉलोमनचे मामा ऑगस्ट अब्राहमसन हे श्रीमंत व्यापारी. त्यांनी ही इस्टेट १८६८ मध्ये घेतली. १८७२ मध्ये तिथे मुलांसाठी हातकामाची शाळा निघाली, दोन वर्षांनी मुलींसाठी, आणि लवकरच शिक्षकांसाठीही वर्ग.

स्वीडिश भाषेत हातकामाला 'स्लॉइड' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे कसब. तिकडचा हिवाळा लांबलचक. शेतकऱ्यांच्या घरात हिवाळाभर चमचे, दांडे, पेट्या, खोगिरं बनायची. कारखान्यांचा माल आला आणि घरातलं हे कसब आटत चाललं. ते शाळेत जिवंत ठेवायचं ही मूळ कल्पना. पण १८७७ मध्ये सॉलोमन फिनलंडच्या उनो सिग्नेयस यांना भेटले. सिग्नेयस यांनी १८६६ पासून फिनलंडच्या शाळांत हातकाम आणलं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की हातकाम धंद्यासाठी नाही, मूल घडवण्यासाठी शिकवायचं. सॉलोमन यांनी ते मनावर घेतलं.

मग त्यांनी देला-व्होसप्रमाणेच क्रियांची यादी केली. नेसच्या मालिकेत अशा ८८ क्रिया होत्या: चाकूने लांब काप, आडवा काप, करवतीने तोडणं, रंधा मारणं, असं करत करत डव्हटेलपर्यंत. पण त्या क्रिया सुट्या शिकवायच्या नाहीत. ५० वस्तूंच्या मालिकेत त्या गुंफलेल्या. फुलझाडाला आधाराची काठी, हातोडीचा दांडा, फूटपट्टी, चमचा. प्रत्येक नव्या वस्तूत एखाददुसरी नवी क्रिया, बाकी आधी शिकलेल्या. वस्तू खरी आणि वापरायची. पहिल्या दिवशी करवत नाहीच, चाकू. कारण खेड्यातल्या मुलाला चाकू आधीच माहीत असतो. डव्हटेलचे सांधे फार पुढे.

दोन नियम मला फार आवडतात. पहिला: शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. दाखवा, सांगा, दुसऱ्या लाकडावर करून दाखवा, पण त्याच्या फळीवर तुमची करवत चालवायची नाही. कारण मग ते काम त्याचं राहत नाही.

दुसरा: शरीर. सॉलोमन यांच्या शिक्षकांसाठीच्या पुस्तकात करवत चालवताना आणि रंधा मारताना कसं उभं राहायचं याची चित्रं आहेत. पाय कुठे, पाठ कशी, हात कसा. करवत हातातल्या ताकदीने सरळ जाते असं आपल्याला वाटतं. ती सरळ जाते ती उभं राहण्यामुळे. मनगट, कोपर आणि खांदा करवतीच्या रेषेत आले आणि कोपराला मागेपुढे जायला मोकळी जागा मिळाली, की हात आपोआप सरळ चालतो. अंग आडवं आलं की हात त्याला वळसा घालतो, आणि काप वाकडा.

नेसला जगभरातून हजारो शिक्षक आले, पुरुषही आणि स्त्रियाही, एकाच कार्यशाळेत. ज्या काळात सुतारकाम पुरुषांचं मानलं जायचं त्या काळात. स्लॉइड स्वीडनच्या शाळांत आजही सगळ्या मुलामुलींना सक्तीचा विषय आहे.

मग खरं कुणाचं?

मॉस्को म्हणतं, आधी सराव, वस्तू नंतर. नेस म्हणतं, वस्तूतूनच सराव. हे भांडण आजही संपलेलं नाही. गिटार शिकणारा विचारतो, सरगम घोटू की गाणं वाजवू? कोडिंग शिकणारा विचारतो, एकेक गणित सोडवू की ॲप बनवू?

माझं मत सांगतो. करवतीच्या बाबतीत मॉस्कोची पद्धत पहिल्या आठवड्यासाठी बरोबर आहे. टाकाऊ फळी घ्या, गुण्याने पाच-पाच मिलिमीटरवर रेघा आखा, वरच्या कडेवर आणि समोरच्या अंगावर, आणि कापत सुटा. पन्नास काप होईपर्यंत काही बनवू नका. शक्य असेल तर पेन्सिलऐवजी चाकूच्या टोकाने रेघ मारा. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते, आणि तिच्या खाचेत करवतीला जागा सापडते.

करवत घट्ट आवळू नका, चिमणी धरल्यासारखी धरा. तर्जनी पुढे, पात्याच्या दिशेने. सुरुवात दूरच्या कोपऱ्यापासून, अगदी हलक्या हाताने. दाब देऊ नका. करवतीचं वजन पुरेसं आहे. पहिल्या चार-पाच हातांत जी फट पडते तीच पुढे करवतीला वाट दाखवते, म्हणून वाकडं जात असेल तर तिथेच कळायला हवं. खोल गेल्यावर पातं पिळून ते सुधारत नाही. आणि एक जुनी युक्ती: पातं चकचकीत असेल तर त्यात फळीचं प्रतिबिंब दिसतं. खरी फळी आणि प्रतिबिंबातली फळी एका सरळ रेषेत दिसली, की करवत काटकोनात आहे. प्रतिबिंब मोडलेलं दिसलं, की करवत तिरकी. आरसा फुकट मिळालाय, वापरा.

पण दुसऱ्या आठवड्यापासून सॉलोमन बरोबर. सुटे काप कापताना चुकलं तरी काही बिघडत नाही, आणि काही बिघडत नसेल तर डोळा झोपतो. छोटी का होईना, खरी पेटी करायला घेतली की प्रत्येक कापाला अर्थ येतो. शिवाय सांधा बसला की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. गुण्या लावा, प्रकाशाकडे धरा. फट दिसली तर दिसली. इथे वशिला चालत नाही. आणि कुणी तुम्हाला उगाच कमीही लेखू शकत नाही.

ही करवत आपल्याकडे आली तेव्हा

स्लॉइडची ही वाट भारतातही आली. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनमधून लक्ष्मीश्वर सिन्हा हे स्लॉइड शिकायला स्वीडनला गेले होते. आणि मग आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली, तीच पुढे 'नई तालीम' किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणून ओळखली गेली. शाळेच्या केंद्रस्थानी एक उद्योग: सूतकताई-विणकाम, शेती, बागकाम, चामड्याचं काम, आणि हो, सुतारकाम. कुठल्याही जातीच्या मुलासाठी. ज्या देशात करवत कुणी धरायची हे जन्माने ठरत होतं, तिथे ही कल्पना काय होती याचा विचार करा.

पण धोकाही तिथेच होता. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, असंही योजनेत होतं. शिक्षण मागे पडून उत्पादनच पुढे येईल, ही भीती खुद्द झाकिर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात नोंदवली होती.

आणि याच वाटेचं दुसरं टोक पाहायचं तर १९५३ चं मद्रास राज्य. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी योजना आणली: ग्रामीण प्राथमिक शाळा दिवसाला तीन तास, उरलेल्या वेळात मुलाने आईवडिलांचा धंदा शिकायचा. विरोधकांनी तिला नाव दिलं, 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण. प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडलं, कामराज आले आणि योजना रद्द झाली.

या दोन्ही योजनांत मुलाच्या हातात अवजार आहे. फरक एवढाच की एकीत ते कुणालाही मिळतं, दुसरीत बापाचं तेच मुलाचं. हातकामाच्या शिक्षणाचा इतिहास या दोन टोकांमध्येच फिरत राहिला आहे. म्हणून कुणी 'मुलांना कौशल्य शिकवा' म्हणालं की एक प्रश्न विचारायचा: कुणाच्या मुलांना? सगळ्यांच्या असेल तर उत्तम. 'त्यांच्या' मुलांना असेल, तर सावध.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते. सुताराला नाव मिळालं ते दोरीवरून. मला त्यात एक शहाणपण दिसतं. हात सगळ्यांचे थरथरतात, सुरुवातीला सगळ्यांची करवत वाकडी जाते. सरळपणा आधी रेघेत असतो, मग उभं राहण्यात, मग दातांत, आणि सगळ्यात शेवटी हातात येतो. यातली एकही गोष्ट जन्मावर अवलंबून नाही. हे मॉस्कोने मोजून दाखवलं, नेसने चाकू आणि चमच्यांतून दाखवलं, आणि आपल्याकडे भुशात वाढलेल्या लेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं, फक्त त्यांच्या मेहनतीला कुणी मेहनत म्हटलं नाही.

तर मंडळी, या रविवारी घराजवळच्या सुतारदादांच्या दुकानात जा. टाकाऊ फळीचा एक तुकडा मागा. जमलं तर त्यांना विचारा, "दादा, तुमचा हात बसायला किती वर्षं लागली?" आकडा ऐका. मग 'रक्तात आहे' म्हणायच्या आधी दोनदा विचार कराल.

तुमच्या घरात, गावात कुणी हाताने सांधे कापत असेल, आजोबा असोत की आत्या, तर त्यांची शिकण्याची गोष्ट आम्हाला नक्की कळवा. आणि हा भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा, जो म्हणतो, "आपल्याला नाही जमणार रे." भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, रेघ राखून कापा!